कॅमेऱ्याचा परवाना

चित्रपट संपून प्रेक्षागृहाबाहेर पडणारा मनुष्य नायकाचे नाव ध्यानात ठेवतो, दिग्दर्शकाचे ठेवतो, क्वचित गीतकाराचेही ठेवतो. परंतु ज्या समुद्रतीरावर नायिका धावली ते तीर, ज्या वाड्याच्या चौकात खलनायक पडला तो चौक आणि ज्या पाणंदीने बैलगाडी गेली ती पाणंद, ही सारी मोकळी करून घेण्यासाठी जो गृहस्थ कागदांची थैली काखोटीस मारून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता, त्याचे नाव अगदी अखेरीस, लोक उठून दाराकडे निघाले असता, बारीक अक्षरांत सरकून जाते. त्या थैलीतील कागद एके दिवशी जन्मास आलेले नाहीत. शंभरांहून अधिक वर्षांत एकेक करून ते जमत गेले, आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांची एखादी धास्ती आहे. सरकारने कॅमेऱ्याकडे कॅमेरा म्हणून फार उशिरा पाहिले; तोवर ज्या काळी ज्याचे भय, त्याच्याच वेषात तो त्याला दिसत आला.

पहिला वेष दरोडेखोराचा. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण करण्यास मुंबईबाहेर वांगणी या गावी गेले, तेव्हा मंडळी पुढे पोहोचली होती आणि स्वतः फाळके मागाहून यावयाचे होते. ढाली, तलवारी, भाले घेतलेले हे अनोळखी लोक गावाभोवती हिंडू लागलेले पाहून दरोडा पडतो अशी हूल उठली. पाटील आणि फौजदार यांच्यापर्यंत खबर गेली आणि सगळी मंडळी अटकेत पडली. गावकऱ्यांचे यात काही चुकले असे म्हणवत नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यान्वये सामान्य रयतेला तलवार बाळगणेदेखील परवान्यावाचून अशक्य झाले होते, आणि गावात आलेल्या संशयित परक्यांची खबर वर देणे हे तर पोलीस पाटलाचे कामच होते. नाटक म्हणावे तर रंगमंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. मग उघड्या माळावर पुरुष लुगडी नेसून आणि शस्त्रे परजून काय करीत आहेत, याचे उत्तर देण्यास मराठी भाषेत तोवर शब्दच नव्हता. फाळके धावत आले, त्यांनी यंत्र दाखविले, आणि फीत न भरताच एक प्रवेश करवून दाखवून फौजदाराची खात्री पटविली, असे सांगतात. तेव्हा आपल्याकडील चित्रीकरणाची पहिली परवानगी ही कागदावर मिळालेली नाही. ती प्रात्यक्षिकावर मिळाली आणि देणारा अधिकारी फौजदाराच्या वरचा नव्हता.

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला आणि पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, सरकारने सिनेमाचा पहिला कायदा केला. तो वाचू गेल्यास मौज वाटते. चित्रपट कोठे दाखवावा, त्या जागेस परवाना कोणी द्यावा, चित्र दाखविण्यास योग्य की अयोग्य हे कोणी ठरवावे, याचा त्यात बंदोबस्त आहे. परंतु चित्र घ्यावे कोठे आणि कोणास विचारून, याविषयी एक अक्षर नाही. सरकारला धास्ती होती ती अंधाऱ्या खोलीत एकत्र बसलेल्या जमावाची आणि त्या जमावाने पडद्यावर काय पाहिले याची. उघड्या शेतात उभ्या केलेल्या तिकाटण्याची नव्हती. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा आला. बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून महसूल खात्याच्या डोळ्यांत ही नवी जमेची बाजू भरली, असे चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. त्याच वर्षी शासकीय गुपितांचा कायदाही झाला, आणि बंदरे, तोफखाने, दारूगोळ्याची कोठारे अशा ‘प्रतिबंधित स्थळां’चे रेखाटन वा छायाचित्र घेणे हा गंभीर अपराध ठरण्याची सोय झाली. एकाच सालात चित्रपट हा तिजोरीचा मित्र झाला आणि कॅमेरा हा संशयित हेर झाला. या दुहेरी नात्यातून चित्रपटव्यवसाय आजतागायत सुटलेला नाही.

इंग्रजी मुलखाबाहेर, संस्थानांत, निराळी तऱ्हा होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती शाहू छत्रपतींच्या आश्रयाच्या छायेत. दरबारची मर्जी असली म्हणजे तळ्याचा घाट, किल्ल्याचा बुरूज, पागेतील घोडा आणि शिलेखान्यातील ढाल यांसाठी चार ठिकाणी अर्ज करण्याचे कारण नसे. खाजगीकडून हुकूम सुटला की मामलेदारापासून माहुतापर्यंत सर्वांस तो लागू. एका शहरातून एवढे चित्रपट का निघाले, याची कारणे शोधताना कलावंतांची गुणवत्ता, तालमी, चित्रकारांची परंपरा ही सारी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर हाकेच्या अंतरावर असून तेथे कॅमेरा नेण्यास एकाच दाराशी जावे लागे, ही गोष्ट त्या यादीत यावयास हवी. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही प्रयोजन नाही. जो हुकूम मर्जीने सुटतो तो मर्जीनेच आवरता येतो, आणि ज्याची वशिल्याची वाट नव्हती त्याने काय केले असेल, याची नोंद दरबारी दप्तरात सहसा राहत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्या दिवसापासून पन्हाळ्याच्या तटावर चढणाऱ्या निर्मात्यास जिल्हा कचेरीची पायरी आली.

मध्यंतरी एक कालखंड असा गेला की परवानगीचा प्रश्नच मंदावला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलला आणि बोलपटाने चित्रपटाला घरात कोंडले. मूकपटाच्या कॅमेऱ्याला वाऱ्याचा आवाज, कावळ्याची कावकाव किंवा बघ्यांची कुजबुज बाधत नसे. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला ती सारी बाधू लागली. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली; त्यानंतर तिच्या चित्रपटांतली बहुतेक गावे, देवळे आणि नदीकाठ हे कलागृहाच्या आवारात उभारलेले आहेत. लाकूड, तरट आणि प्लॅस्टर यांच्या गावाला पाटील नसतो, त्यामुळे तेथे दाखलाही लागत नाही.

किनाऱ्याची गोष्ट याहून जुनी आहे, कारण किनारा हा परवान्यांचा मुलूख सिनेमापूर्वी कित्येक शतके होताच. पोर्तुगीजांचा कर्ताझ घेतल्यावाचून गलबत हाकारू नये, ही सक्ती पश्चिम सागराने सोळाव्या शतकापासून सोसली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालविले आणि ते न घेणाऱ्या जहाजांना त्याचा अर्थ समजावून दिला. इंग्रजी अमदानीत वाळूची मालकीही कागदावर आली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ सरकारचा ठरला. तेच तत्त्व १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेत विसाव्या कलमात कायम आहे. म्हणजे पुळणीवरून चालत जाताना पाऊल ओल्या वाळूत पडले की माणूस सरकारी जमिनीवर येतो, आणि कोरड्या वाळूत तो कदाचित कोणाच्या तरी माडांच्या वाडीत असतो. तिपाई नेमकी कोठे ठोकली, यावर अर्ज कोणाकडे करावयाचा ते अवलंबून.

फाळक्यांनी आपल्या ‘सेतुबंधन’साठी रत्नागिरीची बाजूही धुंडाळली होती, तथापि कोकणच्या किनाऱ्यावर चित्रपटवाल्यांची वर्दळ त्या काळी वाढली नाही, याचे कारण कायद्यापेक्षा भूगोलात आहे. रस्ते तुटपुंजे, खाड्यांवर पूल नाहीत, आणि आगबोटी पावसाळ्यात बंद. ज्या किनाऱ्यावर माणसालाच वर्षाचे चार महिने जाता येत नाही, तेथे कॅमेऱ्याची मनाई वेगळी कशाला हवी? पुढे महायुद्ध आले, १९४३ पासून कच्ची फीतदेखील सरकारी परवान्याने मिळू लागली, आणि बंदराच्या अंगाला कॅमेरा रोखणे म्हणजे आपण होऊन पोलिसांना आमंत्रण देणे ठरले.

आणि तरीही किनाऱ्यावरचा खरा अधिकारी कलेक्टर नव्हे, हे ज्याने मालवणकडच्या पुळणीवर एखादी रापण ओढताना पाहिली असेल त्याला सांगावयास नको. होडी अर्धवर्तुळ घेऊन जाळे सोडीत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग म्हातारे, पोरे, बायका, वाटेने जाणारा येणारा, सगळे त्या दोरांना लागतात. ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. या कामाची वेळ मुक्रर नसते. पाण्यावर मासळीचा थवा दिसला की त्या क्षणी ती पुळण रापणकरांची होते, मग तेथे कोणत्याही सहीशिक्क्याने कोणाचेही चित्रण चालू असो. चाणाक्ष व्यवस्थापक म्हणून सरकारी कागद हाती येण्याआधी रापण संघाच्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन बसतो, दिवस बुडाल्यास भरपाई काय ते बोलून ठेवतो, आणि परवान्यावर ‘सकाळी ८ ते सायंकाळी ६’ असे छापलेले असले तरी कालनिर्णय उघडून तिथी पाहतो. कोकणात भरतीचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीने करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास पाणी पूर्ण चढते. ज्याने पौर्णिमेच्या दुपारी पुळणीवर घोडदौड ठरविली, त्याला वाळूच मिळत नाही. आणि ज्याने सकाळी काढलेल्या पावलांच्या ठशांवर उद्या पुढचा प्रवेश जोडावयाचे योजले, त्याची पावले समुद्र दिवसातून दोनदा पुसून टाकतो. या खात्याकडे अपील नाही.

जलदुर्गांच्या बाबतीत मात्र अपील आहे, पण ते दूर आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, कुलाबा हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे किल्ले. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९५९ चे त्याखालील नियम यांत चित्रीकरण हा विषय प्रथमच आपल्या नावाने, स्वतंत्र कलमे घेऊन अवतरला, असे माझे मत आहे, आणि म्हणून या नियमांना मी आपल्या विषयातला एक मैलाचा दगड मानतो. अर्ज इच्छित तारखेच्या तीन महिने आधी करावा. छप्पर असलेल्या अंतर्भागात चित्रीकरणास परवाना मिळू नये. वीज उत्पन्न करणारे यंत्र वास्तूपासून दूर ठेवावे. पाणी, तेल, वंगण यांचा स्पर्श दगडाला होऊ देऊ नये. येणाऱ्या-जाणाऱ्यांस अडथळा करू नये. अटी कडक आहेत, तरी एकही अट गैरवाजवी म्हणता येत नाही, कारण मशालीच्या काजळीने किंवा ठोकलेल्या खिळ्याने तीनशे वर्षांच्या चुन्याची काय दशा होते ते कोणत्याही किल्ल्यावर पाहावयास मिळते. गोम एवढीच की तीन महिन्यांनंतरची तारीख नक्की करणे हे पुरातत्त्व खात्याला सोपे असले, तरी नटनट्यांच्या तारखा आणि सावकाराचे व्याज यांच्या कात्रीत सापडलेल्या मराठी निर्मात्याला ते फार जड जाते. पुष्कळ शिवकालीन चित्रपटांत तट-बुरूज प्लायवुडचे दिसतात, त्यामागे केवळ खर्चाची काटकसर नाही.

खेड्यांत याच सुमारास दुसरे स्थित्यंतर घडत होते. वंशपरंपरागत कुलकर्ण्यांची वतने १९५१ च्या सुमारास गेली, मुलकी पाटील १९६२ च्या कायद्याने गेले, त्याच वर्षी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि १९५८ च्या कायद्याखालील ग्रामपंचायत ही गावच्या जागेपुरती बोलणारी संस्था झाली. पूर्वी पाटलाच्या ओसरीवर सुपारी फुटली की काम होई. आता सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा उतारा आणि तहसीलदाराचा अभिप्राय अशी साखळी लागली. परंतु जुनी गावकी नाहीशी झाली नाही, ती या साखळीच्या बाजूस उभी राहिली. तळकोकणात मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची चाल आहे. गावचा अधिकारी हात जोडून, आलेल्या पाहुण्यांचे नाव घेऊन, त्यांच्या कामात विघ्न येऊ नये म्हणून देवाला साकडे घालतो, आणि भोवतालची मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवळाचे आवार वापरावयाचे असेल तर काही गावी कौलही लावतात. मूर्तीला चिकटविलेला कळा उजवीकडून सुटला तर होकार. शहरातून आलेल्यांना हा देखावा वाटतो. वस्तुतः ती फार शहाणी रीत आहे: ज्या लोकांनी एकदा ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, त्यांच्यापैकी कोणी मागाहून गाड्या अडविल्या तर गावच त्याला विचारते.

घाटावर वाईने या व्यवहाराला व्यापाराचे रूप दिले. कृष्णेचे घाट, दगडी देवळे, वाडे, ऊस आणि मुंबई-पुण्याहून मोटारीचा पल्ला, इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’ आणि ‘स्वदेस’ यांची उत्तर हिंदुस्थानातली गावे वाईच्या पंचक्रोशीत सापडली. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यांनीच बांधविलेला घाट आहे. त्या घाटावरच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. ज्या घंटेखाली पेशवाईतले कारभारी स्नानास उतरत, तिच्याखाली आता दिव्यांचे खांब लागतात, आणि गावातल्या पोरासोरांनाही घाटाचा, बैलजोडीचा नि घोळक्यात उभे राहण्याचा दर ठाऊक असतो. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही; ज्याची पडवी तुम्ही दोन दिवस अडवून ठेवता, त्याने तिचे मोल जाणावे यात लोभ कसला?

मग धास्तीचे नवे वेष आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात छायाचित्रणासाठी जावयाचे तर मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी आली. मुरूडच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेल्या फणसाडला ती आज लागते. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून आत पाचशे मीटर हा पट्टा निराळ्या नजरेखाली आला. पुळणीवर खोपट उभारणे हेदेखील विचार करण्याजोगे काम झाले. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि मुंबई हादरली. २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रावाटेच आले. त्यानंतर रात्री होड्या, कंदील आणि अनोळखी माणसे घेऊन किनाऱ्यावर उतरणारे पथक सागरी पोलिसांना आधी कळवूनच उतरू लागले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. २०२१ च्या नियमांनी ड्रोनला आकाशातही हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आखून दिले. त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद होताच मालिकांची बिऱ्हाडे गोव्यात गेली, पण तेथेही विरोध उठला आणि मे महिन्यात गोव्याच्या एंटरटेनमेंट सोसायटीने दिलेल्या परवानग्या रद्द केल्या. हाती आलेला दाखला परत जाऊ शकतो, ही संस्थानी काळची आठवण लोकशाहीत अशी ताजी झाली.

या साऱ्या कटकटींवर सरकारने दोन उपाय योजले. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी निघाली, जेथे गाव, देऊळ आणि तळे एकाच मालकाचे. आणि अलीकडे ‘एक खिडकी’ आली, जेथे एकच अर्ज सर्व खात्यांकडे फिरावा अशी योजना. दोन्ही उपाय स्वागतार्ह आहेत. मात्र खिडकी सरकारी कागदापुरतीच उघडते. रापण संघाचा होकार, गावकीचा नारळ आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांची सोय यांचा रकाना त्या अर्जात नाही, आणि तो असावा असेही मला वाटत नाही, कारण या गोष्टी माणसाने पायी जाऊनच मिळवावयाच्या असतात.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवावयास हवी. ‘सिंहगड’ आज पाहावयास मिळत नाही, पेंटरांच्याच ‘सावकारी पाश’ची मूळ प्रत उरली नाही, आणि ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच शिल्लक आहे. हे चित्रपट कोणत्या माळावर, कोणत्या घाटावर घेतले गेले हे कधी ठरवावयाचे झाले तर पुरावा पडद्यावर मिळणार नाही. तो दरबारच्या खाजगी दप्तरात, मामलेदाराच्या बारनिशीत आणि जुन्या व्यवस्थापकांच्या घरी ट्रंकेत पडलेल्या अर्जांत मिळेल. कचेऱ्या दर काही वर्षांनी जुनी दप्तरे नष्ट करतात आणि घरे रंगवताना ट्रंका रद्दीवाल्याकडे जातात. ज्यांच्या घरी असे परवाने, दाखले, खर्चाच्या वह्या वा पावत्या असतील, त्यांनी त्या फेकू नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे अथवा आपल्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराकडे त्या द्याव्यात, आणि देताना गावाचे नाव व साल पाठीवर पेन्सिलीने लिहावे.